छतावरची शहरं

लंडनमध्ये वेम्बलीला ईलिंग रोडवर एका साड्यांच्या दुकानाच्या वर आमची सर्जरी होती; तिकडे दातांच्या दवाखान्यालाही सर्जरीच म्हणतात. आमची म्हणजे डॉक्टरांची. मी तिथे डेंटल नर्स. पण ज्या खोलीत उभं राहून आयुष्याची दहा-बारा वर्षं काढली ती खोली आपलीच वाटते, त्याला कोण काय करणार. जिना चढताना खालच्या दुकानातल्या नव्या साड्यांच्या खळीचा वास यायचा आणि वर पोचलं की लवंगेच्या तेलाचा. खरेदीला आलेल्या बायका कधीकधी चुकून वर यायच्या आणि तेवढ्यात दात तपासून जायच्या.

आत खुर्चीत आडवं झालं की छत दिसायचं, आणि छतावर मेक्सिको असायचं. मेक्सिको, ग्वातेमाला आणि ट्यूबलाइटच्या पलीकडे थोडंसं होंडुरास. ट्रॅव्हल एजंटांकडून मागून आणलेली पोस्टरं डॉक्टरांनी स्वतः शिडीवर चढून चिकटवली होती. माया लोकांची प्राचीन शहरं खुर्चीच्या बरोब्बर वर, आणि नंतर स्पॅनिश लोकांनी वसवलेली गावं खिडकीच्या बाजूला. एकदा वरच्या फ्लॅटमधल्या बाथरूमचं पाणी झिरपलं आणि कोपऱ्यात चांगला परातीएवढा पिवळट डाग पडला. मी म्हटलं, रंगारी बोलावते. डॉक्टर म्हणाले, राहू दे, आपल्याकडे विहीर नव्हतीच. तेव्हापासून तो डाग म्हणजे चिचेन इत्साची पवित्र विहीर. तिच्यात माया लोक देवासाठी सोनंनाणं टाकायचे, हे डॉक्टर प्रत्येक पेशंटला सांगत, आणि पेशंट तोंडात कापसाचे बोळे घेऊन त्या डागाकडे भक्तिभावानं बघत.

हे वेड लागलं ते एका फोटोमुळे. कुठल्याशा दंतवैद्यकाच्या मासिकात एका माया कवटीचा फोटो आला होता. समोरच्या दातांत गोल भोकं पाडून जेड नावाच्या हिरव्या दगडाच्या टिकल्या बसवलेल्या. हजाराहून जास्त वर्षं झाली तरी एकही टिकली निघालेली नव्हती. डॉक्टरांनी तो फोटो कापून ड्रिलच्या वर भिंतीला लावला. "नर्सबाई," ते मला म्हणाले (मला ते नावानं कधी हाक मारत नसत), "ह्या माणसाकडे वीज नव्हती, एक्स-रे नव्हता, इंजेक्शन नव्हतं. नुसती नळी फिरवून, वाळूची पूड घालून त्यानं हे भोक पाडलं आणि नसेला धक्का लागू दिला नाही." त्या अज्ञात दंतवैद्याला ते 'आमचे ज्येष्ठ सहकारी' म्हणत. एखादं फिलिंग मनासारखं झालं नाही की भिंतीकडे बघून मान खाली घालत. मी सुरुवातीला हसायची. मग मलाही त्या कवटीची थोडी भीती वाटायला लागली.

फोटोवरून पुस्तकं आली, पुस्तकांवरून नकाशे आले, आणि मग ते बोलायला लागले. पेशंटला इंजेक्शन दिलं की तोंड बधिर व्हायला वेळ लागतो. बाकीचे डेंटिस्ट त्या वेळात हवापाण्याचं बोलतात. आमचे डॉक्टर टूर सुरू करत. टूर म्हणजे अगदी रीतसर टूर, बसमधून उतरण्यापासून. डोक्याला टोपी घाला, पाणी बरोबर घ्या, पायऱ्या अरुंद आहेत तेव्हा तिरपे चढा. मराठी माणूस असला तर मराठीतून, गुजराती असला तर गुजरातीतून, आणि इंग्रज असला तर मिरजेच्या इंग्रजीतून.

कुठल्या कामाला कुठलं गाव हेही ठरलेलं होतं. दात नुसते साफ करायचे असले तर उश्माल, कारण तिथला पिरॅमिड एका बुटक्या जादूगारानं एका रात्रीत बांधला अशी कथा आहे आणि काम तेवढ्यात उरकतं. रूट कॅनॉल असलं की पालेंके. तिथल्या देवळाखाली एक जिना सापडला, तो दगडमातीनं ठासून भरलेला. तो उपसायला काही वर्षं लागली आणि तळाशी राजाची कबर निघाली. डॉक्टर बारीक सुईनं दाताचं मूळ उपसत आणि पेशंट एकेक पायरी खाली उतरत असे. जुन्या दातावर कॅप बसवायची तर इसामाल, जिथे स्पॅनिश पाद्र्यांनी जुन्या पिरॅमिडच्या चौथऱ्यावरच आपला मठ चढवला आणि आता सगळं गाव पिवळं आहे. आणि दाढ काढायची असली तर अँटिग्वा. भूकंपानं ते गाव इतकं मोडलं की स्पॅनिश लोक राजधानी उचलून दुसरीकडे गेले. तरी पडक्या कमानी राहिल्या, त्यांच्यात झाडं फुलली, आणि आता लोक मुद्दाम त्या कमानी बघायला जातात. भूकंप यायला आणि दाढ निघायला एकच गाठ पडायची. मी रोज हे ऐकत होते आणि तरी भूकंपाला दर वेळी हातातला ट्रे घट्ट धरायची.

लोक पुढचं गाव ऐकायला परत यायचे. एक आयरिश बस ड्रायव्हर होता, त्याचा रूट कॅनॉल डॉक्टरांनी अर्ध्या जिन्यात सोडला होता. दोन आठवड्यांनी तो आला तो खुर्चीत बसण्याआधीच विचारायला लागला की राजा कुठल्या पायरीवर भेटतो. एक इंग्रज शिक्षिका यायच्या, निवृत्त झालेल्या, ताठ मानेच्या. त्यांनी पालेंकेची सगळी टूर निमूट ऐकली, चूळ भरली, आणि म्हणाल्या की त्या खरोखरच तिथे जाऊन आल्या आहेत. मला वाटलं, झाली फजिती. डॉक्टर कानापर्यंत लाल झाले आणि आपण कधीच गेलेलो नाही हे त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, मला तिथे तीन दिवस पोटदुखी होती आणि गाइड भराभर चालायचा, तुमचं पालेंके पुष्कळ बरं आहे.

असा हा बोलका माणूस. म्हणून त्यांनी आम्हाला हॅरोला घरी जेवायला बोलावलं तेव्हा मी माझ्या नवऱ्याला आधीच बजावलं होतं की आज तुला बोलायला मिळणार नाही, नुसतं ऐक. आम्ही गेलो. डॉक्टर दारात "या" म्हणाले. जेवताना "वरण घ्या" म्हणाले. निघताना "गाडी सावकाश चालवा" म्हणाले. मधला सगळा वेळ काकू बोलत होत्या. काकू म्हणजे त्यांची बायको, कौन्सिलच्या लायब्ररीत कामाला. गोल चेहऱ्याची, भराभर चालणारी, हसली की खांदे हलणारी बाई. त्या बोलत होत्या आणि डॉक्टर ताटाच्या कडेनं बोट फिरवत होते. गाडीत बसल्यावर माझा नवरा म्हणाला, "हाच का तुझा बडबड्या?"

मग हळूहळू माझ्या लक्षात आलं. डॉक्टरांना बोलायला समोर उघडं तोंड लागायचं. ज्याला उत्तर देता येत नाही, मध्येच 'हो का?' म्हणता येत नाही, ज्याचे डोळे छताकडे आहेत, अशाच माणसाशी ते बोलू शकत. हात कामात असले की जीभ मोकळी. हात रिकामे आणि समोरचा माणूस आपल्याकडे बघतोय, की संपलं. काही माणसं लाजाळू असतात, पण इतका सोयीस्कर धंदा निवडलेला लाजाळू माणूस मी दुसरा पाहिला नाही.

ही गोष्ट मला समजली तशी आमच्या तिथल्या मराठी मंडळाच्या लोकांना समजली नव्हती. त्यांनी गणपतीत डॉक्टरांचं व्याख्यान ठेवलं. स्लाइड्स दाखवून माया शहरांची सफर, नंतर आरती आणि प्रसाद. डॉक्टरांनी नाही म्हटलं होतं, पण काकूंनी परस्पर हो म्हणून टाकलं. वर त्यांनी लायब्ररीतल्या दोन इंग्रज मैत्रिणींनाही बोलावलं होतं. त्या शनिवारी काकू मोरपंखी साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि मला जागा धरून ठेवली होती. डॉक्टर उभे राहिले. हॉलभर माणसं, सगळ्यांची तोंडं बंद आणि सगळ्यांचे डोळे त्यांच्याकडे. ते म्हणाले, हे उश्माल आहे. स्लाइड बदलली. हे चिचेन इत्सा आहे. मग त्यांनी हातातल्या बटणाकडे पाहिलं, घशातून काहीतरी आवाज काढला, आणि बाकीच्या स्लाइड्स एकामागून एक नुसत्या दाखवून टाकल्या. चिटणीसांनी घाईघाईनं आरती सुरू केली. काकू टाळ्या वाजवत राहिल्या, सगळ्यांच्या थांबल्या तरी.

सोमवारी सकाळी अक्कलदाढेचा एक पेशंट आला आणि डॉक्टरांनी त्याला अख्खं अँटिग्वा दाखवलं, कमानींवरच्या जांभळ्या फुलांसकट. मला संताप आला. शनिवारी हीच फुलं त्या बाईला दाखवली असती तर काय बिघडलं असतं? थोड्या वेळानं काकूंचा फोन आला. लंच अवरमध्ये आम्ही कोपऱ्यावरच्या कॅफेत भेटलो. मी त्यांना सकाळची सगळी टूर सांगितली, फुलांसकट. त्या ऐकत होत्या आणि चमचा चहात फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "ती पुस्तकं सगळी मीच आणते गं लायब्ररीतून. स्टॅम्प मारून, उशीर झाला तर रिन्यू करून. हे वाचतात आणि मिटून ठेवतात. मला त्यातलं अक्षर सांगितलं नाही कधी."

मी म्हटलं, तुम्ही एकदा दात दाखवायला या ना. त्या हसल्या, खांदे हलवून. डॉक्टरांचा नियम होता, घरच्या माणसावर उपचार करायचे नाहीत. काकूंना ते चेक-अपसाठी हॅरोतल्याच दुसऱ्या डेंटिस्टकडे पाठवत. आणि काकूंचे दात असे की तो डेंटिस्टही नुसता बघून परत पाठवायचा. रत्नागिरीकडच्या मातीचे दात, त्यांना कीड माहीत नव्हती.

दर जानेवारीत काकू ट्रॅव्हल एजंटाकडून ब्रोशर आणत. प्राचीन माया शहरं आणि जुनी स्पॅनिश गावं, पंधरा दिवस, इंग्रजी बोलणारा गाइड. डॉक्टर ते सर्जरीत घेऊन येत आणि त्यातला रूट दुरुस्त करत. पालेंकेला एकच रात्र म्हणजे काय, वेडे आहेत का, असं मला म्हणत. पण बुकिंग कधी झालं नाही. कधी तिकडे गडबड चालू असायची, कधी इकडे पेशंट, कधी पाठ. एका वर्षी तर त्यांनी पावसाळ्याचं कारण दिलं आणि टूर फेब्रुवारीतली होती. मी एकदा काकूंना म्हटलं, तुम्ही एकट्याच जाऊन या, ग्रुप असतो. तेव्हा त्या म्हणाल्या, "मला मेक्सिको नकोय गं. मला तो माणूस हवाय, जो तुम्हा सगळ्यांना ऐकू येतो."

हे वाक्य मी घरी घेऊन गेले आणि रात्री स्वयंपाक करताना मला रडू आलं. नवऱ्यानं विचारलं तर कांदा म्हणून सांगितलं. खरं तर त्या दिवशी भाजीत कांदा नव्हता.

पुढे डॉक्टरांची मान फारच दुखायला लागली. आयुष्यभर वाकून दुसऱ्यांच्या तोंडात बघितल्यावर मान काय म्हणणार? त्यांनी सर्जरी एका तरुण डेंटिस्टला विकली. तो मुलगा चांगला होता, पण त्याला छत पांढरं हवं होतं आणि खुर्चीच्या वर टीव्ही. काकू मला फोनवर म्हणाल्या की आता डॉक्टर दिवसभर घरी असणार आणि आपण दोघं फ्रिजचा आवाज ऐकत बसणार. त्या हसत होत्या, पण मला ते हसू ओळखता येत होतं. "मला भीती वाटते गं," त्या म्हणाल्या. "ते घरी आले की ती शहरंबिहरं संपली. मग आमच्याकडे काय उरेल?"

शेवटच्या शनिवारी दुपारची शेवटची अपॉइंटमेंट मी काकूंना दिली. डॉक्टर पुढचा पेशंट कोण हे कधी विचारत नसत, त्यामुळे लपवाछपवी करावी लागली नाही. ते हात धूत होते. काकू जिना चढून आल्या, कोट काढून मला दिला. आत तीच मोरपंखी साडी होती. त्या सरळ खुर्चीत जाऊन आडव्या झाल्या.

डॉक्टर हात पुसत वळले आणि तसेच थांबले. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं. दात दुखतोय, काकू म्हणाल्या. कुठला, तर ते तुम्ही बघा. घरच्या माणसाला आपण बघत नाही, असं काहीतरी डॉक्टर पुटपुटले. पण तोवर काकूंनी तोंड उघडलं होतं, आणि समोर तोंड उघडं असताना तिथून निघून जाणं त्या माणसाच्या हातून होण्यासारखं नव्हतं. त्यांनी आरसा घेतला. खालची रांग बघितली, वरची बघितली, पुन्हा खालची. "काही नाहीये," ते म्हणाले. काकूंनी तोंड मिटलं नाही. मी गुपचूप कापसाचे दोन बोळे पुढे केले. त्यांनी ते गालात बसवले, सवयीनं.

"दुखलं तर डावा हात वर कर," ते म्हणाले. हे ते प्रत्येकाला सांगत, आणि हात वर झाला की काहीही चालू असलं तरी थांबत.

काकू छताकडे बघत होत्या. आपल्या नवऱ्यानं शिडीवर चढून चिकटवलेलं ते जग त्या आडव्या होऊन पहिल्यांदाच बघत होत्या. डॉक्टरांनी त्यांची नजर कुठे आहे ते पाहिलं. ती खिडकीजवळच्या एका लहान पोस्टरवर होती. त्यात एक चौक होता आणि झाडं. ह्या गावाला त्यांनी कुणा पेशंटला नेलेलं मला आठवत नाही.

"ते मेरिदा," डॉक्टर म्हणाले. आरसा दातांवरून फिरवत, काही नसलेल्या ठिकाणी काहीतरी शोधत, ते बोलत राहिले. "तिथे फार बघण्यासारखं नाहीये. चर्च आहे, माया देवळांचे दगड काढून बांधलेलं. टूरवाले एक रात्र थांबतात आणि पुढे जातात. पण तिथल्या बागेत पांढऱ्या जोडखुर्च्या आहेत. दोन खुर्च्या एकमेकींना चिकटलेल्या, पण उलट्या तोंडांच्या. एक माणूस इकडे तोंड करून बसतो, दुसरा तिकडे. म्हणजे शेजारी बसूनही समोरासमोर. ऊन उतरलं की गावातली नवरा-बायको तिथे येऊन बसतात आणि बोलतात."

त्यांनी आरसा पुसला, पुन्हा आत घातला.

"काय बोलतात ते तू आणलेल्या कुठल्याच पुस्तकात नाही. तू दरवर्षी ब्रोशर आणायचीस. बाकी सगळं मला जमेल असं वाटायचं. पायऱ्या चढलो असतो, काही झालं नसतं. पण त्या खुर्चीत तू येऊन बसलीस, माझ्याकडे बघायला लागलीस आणि मला काही सुचलं नाही, तर काय करायचं ते कळायचं नाही."

काकूंचा डावा हात वर झाला.

डॉक्टरांनी झटकन आरसा बाहेर काढला. "दुखलं का?"

काकूंनी स्वतःच गालातले बोळे काढून ट्रेमध्ये टाकले, उठून बसल्या, ओठ पुसले. डोळ्यांतलं पाणी कानांपर्यंत गेलं होतं, ते काही पुसलं नाही. "नाही दुखलं," त्या म्हणाल्या. "माझं तोंड आता मिटलंय. आता बोला."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. अडलं की ते नेहमी माझ्याकडे बघायचे आणि मी हवं ते त्यांच्या हातात द्यायची. या वेळी मी त्यांच्या हातातला आरसाच काढून घेतला, ट्रेमध्ये ठेवला आणि बाहेर आले. दार ओढून घेतलं, पण ते दार कधी पूर्ण लागत नसे.

वेटिंग रूममध्ये मी कोट घातला. बटणं लावली. आवाज आला तो खालच्या दुकानातून, कुणीतरी शटर खाली ओढलं त्याचा. मला वाटलं, गणपतीतल्यासारखंच होणार. त्या बाईनं सगळं पणाला लावलं आणि हा माणूस आपल्या रिकाम्या हातांकडे बघत बसणार. मनातल्या मनात मी त्यांना चांगल्या शिव्या घातल्या.

तेवढ्यात डॉक्टरांचा आवाज आला. टूरचा भरदार आवाज नव्हता, वरण घ्या म्हणतानाचा होता.

"उकडतं म्हणे तिथे. संध्याकाळीसुद्धा."

"मग त्या खुर्च्या तापत नाहीत?" काकूंनी विचारलं.

डॉक्टर काहीतरी म्हणाले. काकूंनी आणखी काही विचारलं. मग डॉक्टर जरा जास्त वेळ बोलले आणि काकूंनी त्यांना मध्येच अडवलं, तरी ते थांबले नाहीत. मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून ऐकत होते. इतकी वर्षं त्या खोलीत टूर चालली, पण चालू टूरमध्ये कुणी प्रश्न विचारलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.